चित्राच्या प्रेमात पडलेली माणसं

1934 सालचं न्यू यॉर्क. एका कंपनीच्या मेजवानीत मालक उठून उभा राहतो आणि पंचवीस वर्षं कॅशिअरची नोकरी इमानेइतबारे केल्याबद्दल ख्रिस्तोफर क्रॉस या कर्मचाऱ्याला सोन्याचं घड्याळ देतो. ख्रिस गोंधळून जातो, आभाराचे चार शब्दही त्याला धड जमत नाहीत. मग मालक सिगार पुढे करतो आणि एकाच काडीवर तिघांच्या सिगार पेटवायला लागतो. एका काडीवर तिसऱ्याने पेटवून घेणं अशुभ, ही समजूत त्या काळी तिकडे पक्की होती आणि ख्रिस ती मानणारा आहे. पण मालकाला नाही कसं म्हणायचं? तो एक हात पाठीमागे नेतो, अपशकुन टळावा म्हणून बोटावर बोट चढवतो आणि निमूट सिगार पेटवून घेतो.

थोड्या वेळाने मालक लगबगीने निघून जातो. खाली गाडी थांबलेली आहे, गाडीत एक तरुण, देखणी बाई बसली आहे आणि ती मालकाची बायको नाही. सगळी मंडळी खिडकीशी गर्दी करून बघतात. मेजवानी संपल्यावर पावसात एका छत्रीत चालताना ख्रिस आपल्या सोबत्याला, चार्लीला, विचारतो की अशा तरुण मुलीने आपल्यावर प्रेम केलं तर कसं वाटत असेल? आपल्याकडे तसं कुणी कधी बघितलंच नाही, अगदी तरुण होतो तेव्हासुद्धा नाही.

फ्रिट्झ लांगच्या ‘स्कार्लेट स्ट्रीट’ या चित्रपटातली ही पहिली काही मिनिटं. पुढे जे घडतं त्याचं सगळं बी त्या एका प्रश्नात आहे. जिच्यापायी पुढचं सगळं घडणार त्या किटीला ख्रिसने अजून पाहिलेलंही नाही. त्याच्या मनात एक जागा तयार आहे, रिकामी आहे, आणि पुढच्या वळणावर जी कुणी भेटेल तिला तिथे बसवायला तो अधीर झालेला आहे.

डिसेंबर 1945 मध्ये हा चित्रपट अमेरिकेत लागला. त्या दशकात तिथे जे काळोखे गुन्हेपट निघाले, ज्यांना फ्रेंच समीक्षकांनी 1946 पासून ‘नॉयर’ म्हणायला सुरुवात केली, त्यांतला हा मला सर्वांत कठोर वाटतो. बिली वाइल्डरचा ‘डबल इंडेम्निटी’ (1944) अधिक प्रसिद्ध आहे, अधिक चकचकीतही आहे. त्यातली बाई थंड डोक्याने नवऱ्याचा काटा काढायचा बेत रचते, विमा एजंट त्यात ओढला जातो आणि प्रेक्षकाला दोष कुणाला द्यायचा ते पहिल्यापासून ठाऊक असतं. ‘स्कार्लेट स्ट्रीट’ ही सोय देत नाही. इथे खून करणारा माणूस आपल्याला आवडलेला असतो. त्याची कीव आलेली असते. आणि तो निर्दोष माणसाला विजेच्या खुर्चीवर बसू देतो.

याच मंडळींनी वर्षभरापूर्वी याच विषयाला हात घातला होता. ‘द वुमन इन द विंडो’ (1944) मध्ये एडवर्ड जी. रॉबिन्सन मानसशास्त्राचा प्राध्यापक होता, जोन बेनेट ही दुकानाच्या काचेमागे ठेवलेल्या चित्रातली बाई होती आणि डॅन ड्युरिए ब्लॅकमेल करणारा गुंड. प्राध्यापक चित्र बघत उभा असतो आणि काचेत त्याला चित्रातली बाईच शेजारी उभी राहिलेली दिसते. तिथून खून, प्रेताची विल्हेवाट, तपास असं सगळं होतं आणि शेवटी कळतं की प्राध्यापकमहाशय क्लबातल्या खुर्चीत झोपले होते. लांगने या शेवटाचं समर्थन केलं, पण तो शेवट प्रेक्षकाला सोडून देतो हे खरं. चित्रपट चालला. मग बेनेट, तिचा निर्माता नवरा वॉल्टर वेंजर आणि लांग यांनी मिळून ‘डायना प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची कंपनी काढली. तिचा पहिला चित्रपट ‘स्कार्लेट स्ट्रीट’. तेच तीन नट, तेच छायाचित्रकार मिल्टन क्रॅस्नर; आणि या खेपेला कुणी झोपेतून जागं होत नाही.

त्या पावसाच्या रात्री घराकडे जाताना ख्रिस ग्रिनिच व्हिलेजच्या गल्ल्यांमध्ये वाट चुकतो. समोर एक माणूस एका तरुणीला मारतो आहे. ख्रिस डोळे मिटल्यासारखा धावत जातो आणि छत्रीने त्या माणसाला खाली पाडतो. आयुष्यातलं त्याचं हे पहिलं शौर्य. तो पोलिसाला बोलवायला जातो तेवढ्यात मारणारा पळून जातो आणि ती मुलगी, किटी, पोलिसाला उलट्याच दिशेला पाठवते, कारण मारणारा जॉनी हा तिचा प्रियकर आहे. ख्रिसला हे माहीत नाही. तो तिला घरी सोडायला निघतो, दोघं एका बारमध्ये बसतात आणि तिथे, काही मिनिटांत, दोन खोटी उभी राहतात.

ती म्हणते, मी नटी आहे. तो चित्रांबद्दल इतकं भरभरून बोलतो की तिचा समज होतो, हा मोठा चित्रकार असणार, याच्या चित्रांना रग्गड पैसा मिळत असणार. ख्रिस तो समज खोडत नाही. तसं पाहिलं तर तो खोटं बोलतच नाही. फक्त गप्प राहतो. पण त्या गप्प राहण्यात त्याला जे सुख मिळतं ते रॉबिन्सनने ज्या पद्धतीने चेहऱ्यावर आणलं आहे ते बघण्यासारखं आहे. गाल जरा सैल होतात, डोळे लुकलुकतात. किटी सुंदर आहे म्हणून तो भुलतो, हे अर्धंच खरं. तिच्या नजरेत त्याला एक चित्रकार दिसतो, आणि त्या चित्रकाराच्या प्रेमात तो किटीच्याही आधी पडतो.

ख्रिस चित्रं काढतो, पण फक्त रविवारी आणि फक्त बाथरूममध्ये, कारण बायकोला रंगांचा वास चालत नाही. बायको अडेल ही एका पोलीस डिटेक्टिव्हची विधवा. होमर हिगिन्स हे त्याचं नाव. बुडणाऱ्या बाईला वाचवायला त्याने नदीत उडी मारली आणि तो गेला, अशी वीरकथा. त्याचं भलंमोठं छायाचित्र दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलेलं आहे. ख्रिस फुलांचा एप्रन बांधून भांडी घासतो, तेव्हा वरून होमर बघत असतो. अडेल ऊठसूट त्याचं नाव काढून ख्रिसला घालून पाडून बोलते. पुढे कळतं की होमर मेलेला नाही. बुडणाऱ्या बाईच्या पर्समधले पैसे घेऊन तो पसार झाला होता, कारण लाचखोरीचा संशय आधीच अंगावर होता. म्हणजे इतकी वर्षं अडेलने ज्याची पूजा केली, तो माणूस कधी अस्तित्वातच नव्हता.

इथे लांगची मांडणी उघडी पडते आणि मला ती फार मोठी वाटते. या चित्रपटातलं जवळजवळ प्रत्येक माणूस एखाद्या चित्राच्या प्रेमात आहे आणि चित्रामागचं माणूस बघायला कुणी तयार नाही. अडेल भिंतीवरच्या नवऱ्यात गुंतलेली. ख्रिस किटीच्या मनात स्वतःच उभ्या केलेल्या मूर्तीत. किटी जॉनीत. जॉनी मार देतो, पैसे उकळतो, आणि तरी ती त्याच्यासाठी झुरते, लग्न कधी करशील म्हणून मागे लागते. तिची मैत्रीण मिली तिला हे तोंडावर सांगते, तरीही तिच्यावर काही परिणाम होत नाही. या साखळीत एकटा जॉनी कुणाच्या प्रेमात नाही, आणि शिक्षा त्यालाच होते, तीही त्याने न केलेल्या गुन्ह्यासाठी.

ख्रिसच्या चित्रांत खोली नाही. रस्ता सपाट, घरं सपाट, माणसं कागदावर चिकटवल्यासारखी. उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खांबाला विळखा घातलेला प्रचंड साप एका चित्रात आहे. ही चित्रं जॉन डेकर या चित्रकाराने खास चित्रपटासाठी काढून दिली. हॉलिवूडच्या नटमंडळींत त्याची ऊठबस असे. चार्ली घरी येतो तेव्हा ख्रिस एक फूल रंगवत असतो. समोर पेल्यात साधं, लहानसं फूल आहे, कॅनव्हासवर भलतंच मोठं, पेटल्यासारखं काहीतरी. चार्लीला दोन्हींचा मेळ लागत नाही. ख्रिस सांगतो की मला वाटतं तसं मी काढतो, दूर-जवळचं प्रमाण मला कधी जमलं नाही. ते फूल किटीने दिलेलं आहे. दूरचं काय आणि जवळचं काय हे ज्याला कळत नाही, त्याचं चित्र कदाचित ताकदीचं होतं. घर मात्र कोसळतं. लांगने हे एकाही पात्राच्या तोंडी घातलेलं नाही, फक्त फूल आणि कॅनव्हास शेजारी ठेवले आहेत.

पैसा लागतोच. आधी अडेलच्या विम्याचे रोखे, मग ऑफिसची तिजोरी. किटीसाठी ग्रिनिच व्हिलेजमध्ये मोठ्या खिडक्यांचा स्टुडिओ भाड्याने घेतला जातो. तिने तिथे राहायचं आणि ख्रिसने चित्रं आणून ठेवायची. या स्टुडिओतला एक प्रसंग नीट बघायला हवा. ख्रिसला तिचं चित्र काढायचं आहे. ती लोळत पडलेली आहे. ती नेलपॉलिशची बाटली त्याच्यापुढे करते, पाय लांब करते आणि म्हणते, घे, रंगव. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस गुडघ्यावर बसतो आणि पायाच्या एकेका नखावर लक्ष देऊन रंग लावू लागतो. लांग घाई करत नाही. बेनेटच्या चेहऱ्यावर कंटाळा आहे, रॉबिन्सनच्या चेहऱ्यावर एकाग्रता. कॅनव्हासपुढे बसल्यावर असते तीच. अपमान होतो आहे हे त्याला कळत नाही, आणि म्हणून तो प्रसंग बघताना आपल्याला अवघडायला होतं.

दरम्यान जॉनी ती चित्रं वॉशिंग्टन स्क्वेअरच्या फूटपाथवर विकायला ठेवतो. तिथून एका समीक्षकाची नजर जाते, आर्ट गॅलरीचा मालक येतो आणि विचारतो की चित्रकार कोण? जॉनी किटीला पुढे करतो. ती ख्रिसच्या तोंडून ऐकलेली वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणून दाखवते आणि कलाजगत माना डोलावतं. कॅथरिन मार्च या किटीच्या पूर्ण नावाने प्रदर्शन भरतं. मग एक दिवस अडेल गॅलरीच्या खिडकीत ती चित्रं बघते आणि घरी येऊन नवऱ्यालाच फैलावर घेते की तू त्या बाईची नक्कल करतोस, लाज नाही वाटत?

आता ख्रिस चिडेल असं आपल्याला वाटतं. तो किटीकडे धावतो. ती रडत सांगते की पैशांची अडचण होती. आणि ख्रिस आनंदाने फुलून जातो. माझी चित्रं लोकांना आवडली! माझं नाव लावलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. त्याला हे लग्नासारखं वाटतं, फक्त यात नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं. मग तो किटीचं चित्र काढतो आणि त्याला शीर्षक देतो, ‘स्वतःचं चित्र’. संपूर्ण चित्रपटात मला सर्वांत भयंकर वाटणारा क्षण हाच, खुनाचाही नाही. माणूस दुसऱ्यासाठी पैसे चोरतो, घर मोडतो, हे आपण पुष्कळ ठिकाणी वाचतो. पण आपल्यात जे एकच खरं होतं तेही तो आनंदाने दुसऱ्याच्या नावावर करून देतो आणि त्याला आपण काही गमावलं असं वाटतच नाही, हे दाखवायला लांगसारखा दिग्दर्शक लागतो.

किटीबद्दल समीक्षक बहुधा एकच सांगतात, की ती पुरुषाला नादी लावून बुडवणारी बाई. मला ते पटत नाही. किटी आळशी आहे, घरात पसारा करते, स्वतःच्या डोक्याने बेत रचणं तिला जमत नाही. प्रत्येक डाव जॉनीचा असतो. ती ख्रिसला फसवते हे खरं, पण त्याच वेळी ती स्वतः जॉनीच्या हाती तितकीच फसलेली आहे. ख्रिस घरून मार खातो शब्दांचा, ती खाते हाताचा. ड्युरिएने जॉनी असा काही रंगवला आहे की त्याची टोपी, त्याची चाल, त्याचं खोटं लाघव सगळं अंगावर येतं. गुन्हेपटांत बाईला खलनायिका करून मोकळं होण्याची जी सवय लागली, तिच्यामुळे ‘स्कार्लेट स्ट्रीट’ही त्याच रांगेत बसवला जातो. बेनेटने मात्र किटीला माणूस म्हणून उभं केलं आहे, तिच्या सगळ्या फडतूसपणासकट.

होमर जिवंत सापडतो तेव्हा ख्रिसला सुटकेची वाट दिसते. अडेलचा पहिला नवरा हयात, म्हणजे दुसरं लग्न रद्द. तो बॅग भरून किटीकडे येतो, लग्नाचं विचारायला. आत ‘माय मेलन्कली बेबी’ या गाण्याची तबकडी लागलेली असते, सुई अडकून एकाच जागी फिरत असते आणि काचेच्या दारातून त्याला जॉनीच्या मिठीतली किटी दिसते. तो निघून जातो, दारू पितो, परत येतो. जॉनी तोवर बाहेर गेलेला आहे. किटीने उशीत तोंड खुपसलं आहे, खांदे हलत आहेत. ख्रिसला वाटतं ती रडते आहे. तो क्षमा करायला तयार असतो, अजूनही. ती वळते, आणि दिसतं की ती हसते आहे. तो म्हातारा आहे, कुरूप आहे, आपल्याला त्याची कायम किळस वाटत आली, असं ती त्याला सांगते. बर्फ फोडायचा टोच्या हाताशी असतो. ती पांघरुणाखाली दडते आणि तो पांघरुणावरूनच वार करत सुटतो.

खटला लांगने जेमतेम काही मिनिटांत उरकला आहे, आणि ते योग्यच केलं. एकेक साक्षीदार येतो, आपल्याला ठाऊक असलेलं सांगतो आणि जॉनीच्या गळ्याभोवतीचा फास आवळत जातो. कुणीही मुद्दाम खोटं बोलत नाही. अडेल सांगते, माझ्या नवऱ्याला चित्र काढता येत नव्हतं. समीक्षक सांगतो, चित्रं किटीचीच. जॉनी ओरडून सांगतो की चित्रं ख्रिसची आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणाऱ्या त्या माणसावर कुणाचा विश्वास बसत नाही. जाणूनबुजून खोटं बोलतो तो एकटा ख्रिस: मला चित्रं काढता येत नाहीत. जॉनीला सिंग सिंगच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवतात.

त्या काळी हॉलिवूडला स्वतःची आचारसंहिता होती. 1934 पासून जोसेफ ब्रीन यांचं कार्यालय ती कडक राबवत असे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे हा तिचा पाया होता. इथे तर खुनी मोकळा आणि निरपराध मेला. ब्रीन यांनी परवानगी दिली ती लांगच्या युक्तिवादावर: कायद्याने सोडलं तरी मनाने सोडलेलं नाही. चित्रपट बघितल्यावर हा युक्तिवाद पळवाट वाटत नाही. ख्रिसच्या भाड्याच्या खोलीबाहेर निऑनची पाटी उघडझाप करते, काळोखात किटी आणि जॉनीचे आवाज येत राहतात, आणि ते दोघं आता एकत्र आहेत, एकमेकांना लाडाने हाका मारत आहेत. ख्रिसने त्यांना वेगळं करायला खून केला आणि कायमचं एकत्र आणून ठेवलं. तो गळफास घेतो, शेजारी वाचवतात. पुढे कित्येक वर्षं तो पोलिसांना सांगत हिंडतो की खून मी केला, मला पकडा. लोकांना तो वेडा वाटतो.

ब्रीन यांना पटलं तरी न्यू यॉर्क राज्याच्या सेन्सॉर मंडळाला पटलं नाही. जानेवारी 1946 मध्ये मंडळाने चित्रपटावर सरसकट बंदी घातली. मिलवॉकी आणि अटलांटा या शहरांतही बंदी आली. न्यू यॉर्कमध्ये काही आठवड्यांत तडजोड झाली. टोच्याच्या वारांची संख्या कमी करून घेतली गेली. जणू माणूस कमी वेळा भोसकला तर चालतो आणि जास्त वेळा भोसकला तर समाज बिघडतो! खरी खुपणारी गोष्ट वारांच्या संख्येत नव्हतीच. सज्जन, नेमस्त, पंचवीस वर्षांत एक पैसाही इकडचा तिकडे न केलेला कॅशिअर हे सगळं करू शकतो, हे बघवत नव्हतं.

ही गोष्ट मुळात अमेरिकन नाही. जॉर्ज द ला फुशारदिएर या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून ज्याँ रेन्वा याने 1931 मध्ये ‘ला शिएन’ हा चित्रपट केला होता. कथा जवळजवळ तीच, पण हवा निराळी. रेन्वाचा चित्रपट बाहुल्यांच्या खेळाने सुरू होतो, माँमार्त्रच्या खऱ्या रस्त्यांवर खरे आवाज घेत फिरतो, आणि त्याचा खुनी नायक शेवटी आनंदी भणंग होतो. बायकोचा पहिला नवराही तसाच भणंग, दोघं हसतखिदळत रस्त्याने जातात. रेन्वाला वाटत असावं की संसार सुटला म्हणजे माणूस सुटला. लांगच्या जगात असं सुटणं नाही. त्याचा ख्रिस नाताळच्या दिवसांत गॅलरीसमोरून चालत जातो; किटीचं ते चित्र दहा हजार डॉलरना विकलं जाऊन बाहेर नेलं जात असतं आणि तो त्याच्या शेजारून पुढे निघून जातो. दोन्ही चित्रपट लागोपाठ बघावेत. कोणता थोर, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. माझं मन मात्र लांगकडे झुकतं.

‘ला शिएन’च्या वेळी पडद्यामागे जे घडलं ते पडद्यावरच्या गोष्टीला चिकटून आहे. नायिका जानी मारेझ हिच्यावर मिशेल सिमाँ हा नायक खरोखरच भाळला होता. ती मात्र तिच्या प्रियकराची भूमिका करणाऱ्या जॉर्ज फ्लामाँच्या प्रेमात होती. चित्रपट लागण्याआधी, 1931 च्या उन्हाळ्यात, फ्लामाँ चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि मारेझ गेली. ती जेमतेम विशीतली होती.

लांगच्या आयुष्यातही अशी एक गाठ आहे. तरुणपणी तो चित्रकार व्हायला निघाला होता आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पॅरिसमध्ये होता. पुढे बर्लिनमध्ये पटकथालेखिका थेआ फॉन हार्बू हिच्याशी त्याचे संबंध जुळले असताना, 1920 साली, त्याची पहिली पत्नी लिझा रोझेन्थाल गोळी लागून मेली. त्या मृत्यूबद्दल चरित्रकार आजही वाद घालतात. एवढं निश्चित की त्यानंतर लांगच्या चित्रपटांत संशय, पुरावा आणि अपराधी मन यांनी कायमचं घर केलं. थेआशी त्याने लग्न केलं, ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘एम’ दोघांनी मिळून लिहिले आणि 1933 मध्ये घटस्फोट झाला. तोवर थेआच्या आयुष्यात बेळगावकडचे मराठी पत्रकार आयी गणपत तेंडुलकर आले होते. पुढे तिने त्यांच्याशी गुपचूप लग्न केलं. लांग जर्मनी सोडून पॅरिसमार्गे अमेरिकेला गेला, थेआ नाझी पक्षात राहिली, तेंडुलकर महायुद्धाआधी मायदेशी परतले.

रॉबिन्सनचंही सांगायला हवं. ‘लिटल सीझर’मधल्या गुंडाच्या भूमिकेने तो जगप्रसिद्ध झाला, पण बुखारेस्टमध्ये जन्मलेला हा माणूस खासगी आयुष्यात चित्रांचा अस्सल जाणकार होता. इम्प्रेशनिस्ट चित्रांचा त्याचा संग्रह अमेरिकेतल्या नामवंत खासगी संग्रहांपैकी एक मानला जाई. घटस्फोटाच्या तडजोडीपायी 1957 मध्ये तो त्याला विकावा लागला. कॅनव्हासपुढे बसलेल्या ख्रिसचा चेहरा इतका खरा का वाटतो, याचं थोडं उत्तर त्यात असेल.

चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण वेळेवर झालं नाही, त्यामुळे त्याच्या मळकट, फाटक्या प्रती अनेक दशकं सगळीकडे फिरत राहिल्या. आज इंटरनेटवर फुकट सापडतात त्या बहुतेक त्याच. क्रॅस्नरने काळोखाचे जे थर रचले आहेत ते त्यांत नुसता चिखल होऊन जातात. जीर्णोद्धार केलेली प्रत मिळवून चित्रपट बघावा.

या चित्रपटाच्या मंडळींची गोष्ट 1951 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा वर्तमानपत्रांत आली. वॉल्टर वेंजरला बायकोचा संशय आला होता. बेव्हर्ली हिल्समधल्या एका पार्किंगच्या जागेत त्याने जोन बेनेटच्या एजंटवर, जेनिंग्ज लांगवर, पिस्तूल झाडलं. या लांगचं दिग्दर्शकाशी कुठलंही नातं नाही. जेनिंग्ज वाचला. वेंजरने काही महिने कैद भोगली, बाहेर येऊन तुरुंगातल्या दंगलीवर एक गाजलेला चित्रपट काढला आणि 1963 च्या ‘क्लिओपात्रा’पर्यंत तो मोठे चित्रपट करत राहिला. जेनिंग्ज लांग पुढे युनिव्हर्सलमध्ये वरच्या पदावर गेला. बेनेटने गोळी झाडली नव्हती, तिच्यावर कुठला आरोपही नव्हता. दोन दशकांहून अधिक काळ सतत नायिका म्हणून झळकलेल्या या नटीला हॉलिवूडने त्या घटनेनंतर कामं देणं जवळपास थांबवलं. ती रंगभूमीकडे वळली, नंतर टेलिव्हिजनकडे. पडद्यावर किटीला दोष देऊन मोकळे होणारे लोक खऱ्या बाईच्या बाबतीतही तसेच वागले.